थेंबाआधीचा हात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर काचेच्या दोन पेट्या होत्या. एकीत पांढरा उंदीर कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होता, दुसरीतला चाकावर सुसाट पळत होता.

“हा तेलाविना, हा तेलासह!” तेलबाबा गरजले. “भांगेच्या पानातला देवाचा थेंब! मोठमोठ्या प्रयोगशाळांत यानं उंदरांचे मेंदू वाचवले. उंदराला कळलं ते तुमच्या डॉक्टराला कळेना!”

“मग फी उंदरालाच द्या की,” मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला, पण बाटल्यांपुढची रांग हलली नाही.

पुढच्या खुर्चीत आमचे हे होते. घड्याळं दुरुस्त करण्यात यांचा जन्म गेला. कंपवातानं उजवा हात थरथरू लागला, दुकान बंद झालं आणि तो हात कोटाच्या खिशात गेला तो गेलाच. पाहुणे आले की हे आतल्या खोलीत जायचे. बाबा म्हणाले, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी थेंबाचं तेज मरतं. मी गोळ्या बंद केल्या. रोज पहाटे जप आटोपला की यांच्या जिभेवर थेंब घालायचा, हे व्रतासारखं पाळलं. यांना कुशीवर वळता येईना, बाथरूममध्ये पडले, तरी मला वाटायचं, माझाच जप कमी पडतोय.

आज यांना सगळ्यांपुढे साक्ष द्यायची होती.

बाबांनी यांचा हात खिशातून ओढून मांडीवर ठेवला. तो थरथरायला लागला. यांनी मान खाली घातली.

“लाजू नका काका, बघू दे लोकांना!” बाबांनी जिभेवर थेंब टाकला. “उचला आता हा पाण्याचा ग्लास!”

हात पुढे गेला आणि थरथर थांबली. पाणी हिंदकळलंसुद्धा नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मीही टाळीसाठी हात उचलले, ते तसेच राहिले. देवापुढचा दिवा रोज हेच लावतात. काडी वातीकडे नेताना हात स्थिर असतो, मांडीवर टेकला की पुन्हा थरथरतो. आणि थेंब तर मी त्यानंतर घालते!

मी उठले. “बाबा, यांचा हात जरा मांडीवर टेकू द्या.”

“ताई, तेज चढायला वेळ—”

“टेकू द्या ना.”

हात टेकला. थरथर परत आली.

“आता दुसरा थेंब न घेता ग्लास उचला हो.”

यांनी उचलला. हात पुन्हा स्थिर.

“बाईंची श्रद्धा कच्ची!” बाबा ओरडले.

“श्रद्धा माझी देवावर होती, बाबा. तुमच्या बाटलीवर ती मीच नेऊन चिकटवली.” माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. रांगेतली एक बाई मात्र बाटली ठेवून बाहेर पडली. मग आणखी दोघं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मी न फोडलेली गोळ्यांची पाकिटं ठेवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बऱ्याच जणांत हा कंप हात स्वस्थ असताना दिसतो, काम करताना कमी होतो. त्यात तेलाचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “उंदरांचं संशोधन खरं आहे. त्या झाडातल्या काही घटकांनी त्यांच्या मेंदूतल्या पेशी वाचताना दिसल्यात. पण कित्येक प्रयोगांत औषध आधी देतात, पेशी मारून हा आजार आणणारं विष नंतर. इथे आजार होऊन वर्षं झाली. माणसांत तसं अजून सिद्ध झालेलं नाही.”

“पण तो थरथरणारा उंदीर?”

“घाबरला असेल बिचारा. त्याच्या पेटीत चाक होतं?”

नव्हतं. इतके डोळे तिथे होते, माझेही होते.

“गोळ्या मी सांगते तशाच, हळूहळू सुरू करा. आणि स्वतःच्या मनानं बंद करू नका हो.”

देवाला हात जोडायला कुणाची ना नाही, मी रोज जोडते. पण कुणी चमत्कार दाखवला, तर नमस्काराआधी एवढं विचारा: हे केलं नसतं तर काय दिसलं असतं? मी विचारलं नाही आणि त्याची किंमत यांच्या अंगानं मोजली.

आज पहाटे यांनी दिवा लावला. हात खाली आला, थरथरू लागला.

“लाज वाटायची तर मला वाटू दे,” मी म्हटलं. “त्या हाताला नको.”

यांनी तो खिशात घातला नाही.