खिळ्यावरची डाळिंबी लड

"खिडकीशी ये, पोरी. दिव्याखाली रंग लाजतो, खरं सांगत नाही."

हा बाबांचा आवाज. मी तेव्हा सात वर्षांची. हातात सुताची ओली लड, कोपरापर्यंत लाल ओघळ. तेव्हापासून माझ्यासाठी रंग म्हणजे खिडकी, आणि खिडकी म्हणजे बाबा.

पुढे बाबा सूत रंगवत राहिले आणि मी लॅपटॉपवर शालींची नक्षी काढू लागले. दुकानं हवे ते रंग फायलीतून पाठवायची. जुना लॅपटॉप थकला तेव्हा नवा हेरून ठेवला. त्याच्या पडद्याची ख्याती सगळीकडे. पण दुसऱ्या देशांत तो कधीच विकायला आला, आमच्याकडे यायला सात महिने लागले. "येतोय, येतोय," विक्रेता म्हणायचा, जसं काही पायीच निघालाय. शेवटी आला एकदाचा. मी त्याला तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून घरी आणला.

पहिलीच मागणी डाळिंबी शालींची. बाबांनी नमुन्याची लड रंगवून दिली. मी ती पडद्याशेजारी धरली.

"बाबा, भडक झालंय."

"भडक? डाळिंबी आहे ती, पोरी. चाळीस वर्षं रंगवतोय."

"फायलीत बघा ना."

बाबांनी पाहिलं. पडद्यावर विटकरी, मंद, धूळ बसल्यासारखा लाल. त्यांनी लड पाहिली, मग पडदा, मग पुन्हा लड. मग लड खिळ्याला टांगून गुपचूप दुसरा रंग कालवायला बसले. त्या विटकरी सुताच्या शाली दुकानातून परत आल्या. चिठ्ठीत एकच शब्द : मळकट.

पुढच्या हिरव्या शालीही तशाच परत आल्या.

त्यानंतर बाबांच्या कामात एक नवी गोष्ट शिरली. सुकलेल्या प्रत्येक लडीच्या टोकाला गाठी. लाल लडीला एक, केशरीला दोन, हिरवीला तीन. "कशाला हो?" विचारलं तर म्हणाले, "सरमिसळ होऊ नये म्हणून." सरमिसळ! अंधारात लड हाती लागली तरी बाबा तिचा रंग सांगायचे. त्यांचे डोळे गेले, असं मी मनाशी धरलं, आणि पलीकडच्या गल्लीतल्या नीळकाकांना हळूच विचारून आले : रंगाचं काम घ्याल का? काकांचे हात नखांपर्यंत निळे. त्यांनी काही न विचारता मान डोलावली. इतक्या सहज, की मलाच चुटपुट लागली.

मग लॅपटॉपची बिजागरी ढिली झाली, म्हणून दुरुस्तीवाल्याकडे गेले. सगळे त्याला पेचकसदादा म्हणतात. त्याच्या टेबलावर माझ्यासारखाच लॅपटॉप सुरू होता. तेच नाव, तेच झाकण. पण त्यावरचं साधं फुलाचं चित्र असं झळकत होतं की मी खुर्चीच पुढे ओढली.

"हा कुणाचा?"

"माझाच आता. आधीच्या मालकाने परदेशातून आणला, चहा सांडून कीबोर्ड मारला, मला विकला."

मी माझी फाइल त्यावर उघडायला लावली. डाळिंबी! दाणा फोडल्यासारखी, रसरशीत.

पेचकसदादाने दोन्ही लॅपटॉप पालथे केले. "ताई, मागे मॉडेलचा नंबर आहे ना, त्याची शेवटची दोन अक्षरं बघा. वेगळी आहेत. नाव एकच, पण आपल्या भागाला फिका पडदा देतात. चांगला मागावा म्हटलं तर इथल्या यादीतच नसतो."

"पण का?"

"त्यांना वाटतं, इथे कोण रंग बघत बसलंय?"

"मी बघते ना!"

"तुम्हाला विचारलं कुणी?" तो हसला. "थांबा. याचा पडदा तुमच्याला बसतोय का बघू."

तासाभरात बसला. मी रस्ताभर धावतच आले.

"बाबा, खिडकीशी या."

खिळ्यावरची ती पहिली लड मी उतरवली, झटकली, पडद्याशेजारी धरली. सूत कुठलं आणि चित्र कुठलं, कळेना. दुकानाला हवी होती ती हीच. पहिल्या दिवसापासून इथे टांगलेली.

"पडदा खोटा होता, बाबा. तुमचे डोळे शाबूत आहेत."

बाबा खाली बसले. मोठा श्वास सोडला, आणि बसल्या बसल्या लडींच्या गाठी सोडू लागले. एक, दोन, तीन. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ.

मला राहवेना. "बाबा, एक सांगायचंय. मी नीळकाकांकडे गेले होते. काम त्यांना द्यायला."

"ठाऊक आहे."

"कसं?"

बाबांनी शेवटची गाठ दातांनी सैल केली.

"त्याच्याकडे तुझ्याआधी मीच जाऊन आलो होतो. म्हटलं, गड्या, मला रंग दिसेनासे झालेत. पोर येईल तुझ्याकडे. तिला नाही म्हणू नकोस."