नवसाबाईंची ऑर्डर

टायफॉईडनं नवसाबाई अंथरुणाला खिळल्या आणि लहानूभाऊंची मोठी पंचाईत झाली. डॉक्टर म्हणाले, "तोंडाला चव नसणार त्यांच्या. आवडीचं काहीतरी करून द्या, म्हणजे दोन घास पोटात जातील." इतकं साधं बोलणं. सून प्रतिभा ओढणी खोचून तयारच होती. तिनं विचारलं, "बाबा, आईंना काय आवडतं हो?"

लहानूभाऊ आठवायला बसले. शेवभाजी? ती त्यांच्या स्वतःच्या आवडीची. मुगाची खिचडी? ती मुलाला, जीवनला आवडायची. भरली वांगी, पिठलं, गुळाची पोळी, एकेक पदार्थ आठवला आणि प्रत्येकाचा मालक दुसराच कुणीतरी निघाला. "ती काय, सगळंच खाते," असं पुटपुटून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. कसलं सगळंच खाते! अंबडच्या कारखान्यात उभी हयात फिटरकी केलेला माणूस. मशीनच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा, आणि घरच्या बाईला काय आवडतं ते सांगता येईना. लाज वाटली त्यांना, चांगलीच लाज वाटली.

तसं कारण काही मोठं नव्हतं. बायकोला जेवताना त्यांनी कधी धड पाहिलंच नव्हतं. आधी तिचे सासू-सासरे जेवायचे, मग ते, मग पोरं, आणि सगळ्यांचं आटोपलं की ओट्याशी पाठ करून नवसाबाई. त्या काय खातात, किती खातात, कुणी बघितलंय? "वाढू का?" एवढं मात्र रोज कानावर पडायचं.

नवसाबाई हिंडूफिरू लागल्या तेव्हा लहानूभाऊंनी सरळ विचारून पाहिलं, "तुला काय आवडतं गं खायला?"

"तुम्हाला आवडतं तेच," त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "आणि हे काय नवीन आज? रिटायर झाल्यापासून तुमच्या डोक्याला काम राहिलं नाय."

झालं, बोलणंच खुंटलं. पण लहानूभाऊ हट्टी गडी. घरात विचारून ही बाई सांगणार नाही, तर हिला अशा जागी न्यायचं जिथं परका माणूस समोर उभा राहून विचारेल, आणि हिला सांगावंच लागेल. म्हणजे हॉटेल. आणि तेही साधंसुधं नाही, झकास, गुळगुळीत, गालिचाबिलिचावालं. एकदा तिनं खुर्चीत बसून मागावं आणि दुसऱ्यानं आणून द्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

दोन हजार चार साल होतं. नाशिकमध्ये तेव्हा पावलापावलाला नवं हॉटेल उघडत होतं. लहानूभाऊ स्कूटर काढून एकटेच पाहणीला निघाले. 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी दिसल्याशिवाय पायरी चढायची नाही, हा त्यांचा नियम. विशीतच गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस तो. हा नियम इतका अंगवळणी पडलेला, की आपण तो पाळतोय हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

जीवन म्हणाला होता, थाळीच्या हॉटेलात न्या, पोटभर होतं. तिथं जाऊन पाहिलं तर वाढपी कुणाला विचारतच नव्हते, नुसते पळत पळत वाढत होते. ते बाद झालं. एका ठिकाणी बुफे होता. झुंबरं बघून लहानूभाऊ खूश झाले, पण घटकाभर दाराशी थांबले तर काय दिसावं? बायका रांगेत उभ्या राहून नवऱ्याची ताटं भरत होत्या. म्हणजे काय, तऱ्हा घरचीच, फक्त बिल हॉटेलचं! तेही बाद. तिसऱ्यात फॅमिली रूम होती, पडदा लावलेली. तिथं नवसाबाई भिंतीकडं तोंड करूनच बसल्या असत्या. शेवटी गंगापूर रोडला एक सापडलं. मंद दिवे, काचेच्या पेल्यात फुलासारखा दुमडलेला रुमाल, आणि काळ्या कोटातला पोक्त कॅप्टन हातात वही घेऊन, कमरेत वाकून, एकेकाला विचारत होता. लहानूभाऊंचा जीव भांड्यात पडला.

जीवनला त्यांनी घरीच बसवलं. तो आला असता तर त्यानंच सगळ्यांचं मागवून टाकलं असतं. प्रतिभानं सासूला मोरपंखी साडी नेसवली आणि दोघं रिक्षानं निघाले.

कॅप्टननं मेनूकार्ड लहानूभाऊंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते नवसाबाईंकडं सरकवलं. "त्यांना विचारा."

नवसाबाई गोंधळल्या. मग म्हणाल्या, "शेवभाजी मिळंल का हो तुमच्याकडं? ह्यांना शेवभाजी लागते. तिखट जरा कमी टाका, ह्यांना जळजळ होते."

आता काय बोलावं या बाईला! लहानूभाऊ म्हणाले, "माझं राहू दे. तुला काय पाहिजे?"

"तुम्हाला आवडंल ते."

"अगं, सांग ना एकदा!" टेबलावर हात आपटलाच त्यांनी. पेला हलला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. नवसाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ राग आला. पदर सावरून त्या कॅप्टनला म्हणाल्या, "मासे."

"मावशी," तो बिचारा हळूच म्हणाला, "आपलं प्युअर व्हेज आहे."

"माहितीय बाबा. पाटी वाचली मी येताना. ह्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. तू आण कायतरी पनीरबिनीर."

तो गेला. मग नवसाबाईच बोलल्या. त्यांचं माहेर निफाडच्या अंगाला, नदीकाठी. वडील गळ टाकून बसायचे, वाम घेऊन यायचे, आई लाल रस्सा करायची. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं कोपऱ्यात बसवून पोटभर खाऊ घातलं होतं. 'माळकऱ्याच्या घरी चाललीस, आता नाय मिळायचं,' म्हणून ती रडली होती.

"आणि तू कधी बोलली नाय?"

"तुम्ही कधी विचारलं नाय," नवसाबाई म्हणाल्या. "आणि बोलून काय झालं असतं? जेवा. गार होतंय."

लहानूभाऊंना दारावरची 'शुद्ध शाकाहारी' पाटी आठवली. अख्खं नाशिक पालथं घातलं होतं, पण पायरी चढण्याआधीच त्यांनी तिचं उत्तर बाहेर ठेवलं होतं.

पुढचे कितीतरी दिवस त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कधी बायकोचाच राग यायचा. काय बिघडलं असतं हिनं श्रीखंड म्हटलं असतं तर? मग स्वतःचा राग यायचा. भजनात टाळ हातात घेतला तरी कोपऱ्यात बसून जेवणारी नवरी मुलगी डोळ्यांपुढं यायची. शेवटी ते मुझफ्फरकडं गेले. मुझफ्फर कारखान्यातला जुना सोबती, शेजारच्याच मशीनवरचा. तिथंही आधी पावसापाण्याचं झालं, पेन्शनचं झालं, गुडघ्यांचं झालं.

"लहानूभाऊ," मुझफ्फर हसून म्हणाला, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतो? बोल ना सीधा."

"मासळी चांगली कुठं मिळते रे? हॉटेलात. झकास पाहिजे, भारीतलं."

मुझफ्फरच्या हातातला कप तसाच राहिला. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "अरे, मग भाभीला इकडंच घेऊन ये की. आमची अफिफा एक नंबर करते."

"इथं आणली तर ती अफिफाभाभीच्या मदतीला आत जाऊन बसंल. तिला बसून मागायचंय, मुझफ्फर."

मुझफ्फरनं मान डोलावली आणि मुंबई नाक्याकडच्या एका हॉटेलचा पत्ता दिला. दारातच काचेच्या पेटीत मासे पोहताहेत, म्हणाला, हॉटेल चुकायचं नाही.

आता लहानूभाऊंची खरी परीक्षा होती. असल्या हॉटेलात त्यांनी उभ्या जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. भजनी मंडळातल्या कुणी पाहिलं तर? बाईला आत सोडून आपण बाहेर रिक्षात बसावं, असंही मनात आलं. पण मग ती एकटी बसणार, पुन्हा पाठ करून. ते काही खरं नाही, असं त्यांनी स्वतःलाच बजावलं. रविवारी ते घरी वरणभात खाऊन घेऊन बायकोला म्हणाले, "चल, साडी नेस."

पायरीशी येताच नवसाबाई थबकल्या. "अहो, चुकलात तुम्ही. इथं तर..."

"नाय चुकलो."

"वेडे झालात का? तुमची माळ!"

"माळ माझ्या गळ्यात हाय," लहानूभाऊ म्हणाले. "तुझ्या गळ्यात नव्हती कुणी घातली. मला कळायला उशीर झाला, एवढंच. चल."

नवसाबाई बराच वेळ काचेतल्या माशांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि नवऱ्याच्या पुढं होऊन दार ढकललं.

आत थंडगार हवा होती आणि वास होता. तोंडानं श्वास घेत लहानूभाऊंनी आपल्यापुरती पाण्याची बाटली मागितली. वेटर नवसाबाईंकडं वळला.

"वाम हाय का?"

"वाम नाही, आजी. सुरमई आहे, पापलेट आहे. रोहू आहे, नदीचा."

"रोहू कवाचा? आजचा का कालचा? रस्सा खोबऱ्याचा करता का नुसता मिरचीचा? डोकं टाकता का काढून फेकता? टाका, त्यातच खरी चव."

लहानूभाऊ बघतच राहिले. या बाईच्या पोटात एवढे प्रश्न होते!

रस्सा आला. चमचा बाजूला ठेवून नवसाबाईंनी बोटांनी तुकडा मोडला, काटा अलगद ओढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. पुन्हा एक, पुन्हा एक. घाई नाही, दारावर लक्ष नाही, कुणाचं ताट रिकामं झालंय का याची काळजी नाही. नाकाच्या शेंड्यावर घाम आला होता. आपली बायको डाव्या दाढेनं चावते, हे लहानूभाऊंना इतक्या वर्षांनी कळलं. त्यांना रडूच यायला लागलं, म्हणून त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं.

वेटर परत आला आणि सवयीनं लहानूभाऊंनाच म्हणाला, "आणखी काही, सर?"

लहानूभाऊ बायकोकडं बोट दाखवणार, तोच ती बोलली. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"भात आणा," नवसाबाई म्हणाल्या. "आणि रस्सा जास्त आणा जरा. मला लागतो."