फॉर्मवर लिहिलं ‘काच’

यंत्रानं चौथ्यांदा ‘चौदा’ दाखवलं तेव्हा मी त्याला एक सणसणीत चापट मारली. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

मी प्रयोगशाळेत स्फटिक वाढवते. भट्टीत एक स्फटिक तयार व्हायला तीन आठवडे लागतात आणि तेवढ्या दिवसांत कुणी दार आपटलं तरी मी भांडायला उठते. म्हणून सगळे मला भट्टीवाल्या बाई म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात ते मी विचारत नाही.

साध्या डोळ्यांना हा स्फटिक म्हणजे नुसता काळपट खडा. पण आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश त्यातून आरपार जायला हवा, कारण तो शस्त्रक्रियेच्या लेझरमध्ये बसवायचा होता. माझा स्फटिक शंभरातले चौदा भाग प्रकाश मधल्यामध्ये खात होता. खाल्लेल्या प्रकाशाची उष्णता होते आणि खडा तापून तडकतो. आकडा चारच्या आत आणा, नाहीतर भट्टी बंद करू, असं समितीनं बजावलं होतं. मुदत उद्या सकाळी दहापर्यंत. नऊ वर्षं मी त्या एका भट्टीपाशी काढली होती आणि मला दुसरं काही येतही नव्हतं.

उपाय होता: किरणांचा मारा. स्फटिकात काही अणू आपापल्या जागी नसतात आणि प्रकाश खातात ती हीच खोडकर ठिकाणं. मारा बसला की ती गप्प होतात. मार देऊन सुधारणा होते यावर माझ्या शाळेतल्या बाईंचाही विश्वास होता, पण माझ्यावर त्यांचा प्रयोग फसला.

माऱ्याची सोय आमच्याकडे नाही. ती होती माझ्या धाकट्या दिरांकडे. ते आमच्याच घरी वरच्या मजल्यावर राहतात आणि सुया, हातमोजे किरणांनी निर्जंतुक करणाऱ्या कारखान्यात पाळीप्रमुख आहेत. खोक्यांच्या रांगेत माझा छोटा डबा घालायला ते लगेच तयार झाले. फक्त एक फॉर्म भरायचा होता. त्यात ‘पदार्थ’ असा रकाना होता. ‘स्फटिक’ लिहिलं तर तीन सह्या लागणार आणि त्यातला एक सहीवाला रजेवर. खडा काचेच्या नळीत बंद केलेला होताच. मी ‘काच’ लिहून मोकळी झाले आणि स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले.

नळी परवा परत आली. गेली होती चौदा घेऊन, आली चौदा घेऊन. मी दिवा बदलला, आरसे पुसले, तंत्रज्ञाला विनाकारण झापलं. शेवटी तोच म्हणाला, “बाई, मारा बसलाच नसेल.”

संध्याकाळी मी तणतणत वर गेले. भाऊजी टेबलफॅन खोलून बसले होते.

“भाऊजी, डबा नक्की आत गेला होता ना?”

“दोनदा गेला, वहिनी. दोन्ही बाजूंनी. तुम्ही सांगितलं होतंत तसाच.”

“मग काहीच कसा फरक नाही?”

“फरक नाही कसा? नळी चहाच्या रंगाची होऊन बाहेर आली! मलाच कसंतरी झालं. म्हटलं, वहिनींची वस्तू बिघडवली आपण.” ते हसले. “पण आता बघितलीत ना? कशी लख्ख करून दिली?”

किरण बसले की काच तपकिरी होते, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी दोन दिवस ती नितळ नळी हातात खेळवताना मला साधी शंका आली नव्हती.

“काय केलंत तुम्ही?” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“तापवली. चारशे अंशांवर. बाटल्या काळवंडल्या की आम्ही तेच करतो. आतला तुकडा मात्र भलताच हट्टी, उजळेचना. म्हणून आणखी एक दिवस ठेवला. आणि अगदी हळूहळू गार केली हं, तडा नको जायला.”

म्हणजे किरणांनी जे साधलं होतं ते त्या आचेनं पुसून टाकलं होतं. तेही दोन दिवस खपून, मायेनं.

“अहो, तो तुकडा काच नव्हता!” मी ओरडलेच. “तो काळाच असतो! त्याला तापवायचंच नसतं! सगळं मुसळ केरात घातलंत माझं!”

जाऊबाई ओली चादर हातात घेऊन दारात येऊन थांबल्या. भाऊजींचा चेहरा पडला.

“पण फॉर्मवर तर काच...”

“ते सह्या टाळायला लिहिलं होतं.”

“मग परत देऊ की मारा.”

“पुढचा नंबर महिन्यानं लागेल. समिती उद्या बसतेय.”

त्यांनी फॅनचं पातं बाजूला सारलं. मग म्हणाले, “मला निदान तोंडी तरी सांगायचंत.”

“काय सांगायचं? अणू, त्यांच्या जागा, ते सगळं तुम्हाला कळलं असतं?”

मी बोलून गेले. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

भाऊजींनी हातातला स्क्रू शांतपणे फॅनच्या बुडाशी ठेवला. “अणूंचं नसतं कळलं, वहिनी. पण माऱ्यानं झालेलं आचेनं उतरतं, हे मला कळतं. बावीस वर्षं मी तेच करतोय. ‘तापवू नका’ एवढं म्हणाला असतात तरी पुरलं असतं.”

मी जिना उतरून खाली आले.

दुसऱ्या दिवशी समितीनं चौदाचा आकडा पाहिला. साहेब म्हणाले, “किरण देणाऱ्यांनी घोळ घातला का? तसं असेल तर लेखी द्या, महिनाभर मुदत वाढवता येईल.”

कागद समोर होता, पेनही हातात होतं.

“नाही,” मी म्हणाले, “त्यांना त्यांचं काम येतं. मीच त्यांना सांगितलं नाही.”

दुपारी भट्टी मीच बंद केली. ती गार व्हायला बराच वेळ लागतो. तोवर मी तिथेच स्टुलावर बसून राहिले आणि कुणी बघतंय का याची पर्वा न करता रडले.