मामांचे सेंद्रिय पाणी

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे, पण चहाची नव्हे. जलशुद्धीकरण केंद्रातल्या एका उभ्या नळकांड्यात मी राहते. हजारो पोकळ दोरे एकत्र बांधून मला बनवले आहे. त्यांची छिद्रे इतकी बारीक, की जंतूंनाही आत शिरता येत नाही. दर अर्ध्या तासाला उलटे पाणी सोडून मला धुतात. दिवसाला अठ्ठेचाळीस आंघोळी! तुमची एक तरी वेळेवर होते का?

माझे यंत्रचालक म्हणजे मामा. पाहुणे आले की ते माझ्या नळकांड्यावर थाप मारून म्हणत, "आमची गाळणी म्हणजे गाळणी!" मी आठ वर्षे त्या थापेवर खूश होते.

यंदा तलावात ढिगाने पाने पडली, कुजली आणि पाणी फिकट चहासारखे दिसू लागले. प्रयोगशाळेतल्या ताईंनी फळ्यावर लिहिले, 'सेंद्रिय पदार्थ दुप्पट!' मामा हरखले.

"सेंद्रिय! लोक बाजारात शोधत फिरतात आणि आपल्याकडे फुकट! मग यात तुरटी कशाला घालायची?"

त्यांनी तुरटी निम्म्यावर आणली.

इथेच माझा घात झाला. तुरटीमुळे पाण्यातला बारीक कचरा एकत्र येऊन त्याचे गोळे होतात. ते मी आरामात अडवते. पण जंतूंहूनही बारीक असा सुटा कचरा थोडा निसटतो आणि उरलेला माझ्या छिद्रांत चिकटून बसतो. माझा श्वास कोंडला. दाबाचा काटा चढत गेला. अठ्ठेचाळीस आंघोळींचाही उपयोग होईना.

केंद्राचे साहेब आले. काटा पाहून म्हणाले, "म्हातारी झाली ही. उद्या काढा, भंगारात टाका."

मामांची आठ वर्षांची थाप कुठे गेली कोण जाणे!

तेवढ्यात ताईंनी नळकांडे उघडून माझा एक दोरा बोटाने पुसला. बोट तपकिरी झाले.

"साहेब, म्हातारी कसली? नाक चोंदलंय हिचं! मामा, तुरटी कमी केलीत?"

"तुम्हीच तर लिहिलंत ना, सेंद्रिय म्हणून!"

"अहो मामा, सेंद्रिय म्हणजे सजीवांपासून आलेलं. कुजकी पानंही सेंद्रियच!"

"मग मेलेला उंदीर?"

"तोसुद्धा."

मामांनी हातातला पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला.

साहेबांनी मला एक दिवसाची मुदत दिली. तुरटी पूर्ववत झाली. ताईंनी आधी कॉस्टिक सोड्याच्या आणि मग क्लोरीनच्या पाण्यात मला तासन्‌तास भिजत ठेवले. अंगाची आग आग झाली, पण काळपट पाणी बाहेर पडत राहिले. शेवटी मला स्वच्छ धुऊन पंप सुरू केला. काटा खाली आला. मामांनी इतक्या जोरात थाप मारली, की माझे दोरे तुटायचेच काय ते राहिले!

म्हणून मित्रांनो, एखादी जुनी वस्तू अडली, तर तिचे वय मोजण्याआधी तिच्यात काय अडकले आहे ते बघा. आणि फळ्यावरचा शब्द कळला नाही, तर लिहिणाऱ्याला विचारा.

मामा आता विचारतात. परवा मामींचा फोन आला, "येताना सेंद्रिय भाजी आणा हं."

मामा दचकून म्हणाले, "आणतो, पण घरात तुरटी आहे ना?"