वळणावरची गुणगुण

गाडी आपली आपण चालायची, पण अवघड वळण आलं की स्टिअरिंग माणसाच्या हाती द्यायची. तेव्हा ती अशी केकाटायची, की माणूस दचकून अर्धमेला व्हावा. "ही काय सोबत झाली?" असं म्हणत डिझायनर लेकीनं तो भोंगा काढला आणि गेलेल्या आईची रेकॉर्ड केलेली गुणगुण बसवली.

चाचणीला तिनं बाबांनाच स्टिअरिंगपुढं बसवलं. मोकळ्या रस्त्यावर गाडी धुक्यात तरंगत निघाली. वळण आलं, गुणगुण सुरू झाली. बाबांनी हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. गाडी बिचारी वाट बघून कडेला थांबली.

"अहो बाबा, आता तुम्ही चालवायची होती!"

"गाडी तुझ्या आईच्या हातात असली की ती गुणगुणायची," बाबा डोळे न उघडताच म्हणाले. "मग मी निवांत झोपायचो. थांबवलीस कशाला?"