टेपर

चिमाजी आणि मी कासारवाडीत एकाच गल्लीत राहतो. चाकणच्या एकाच कारखान्यात एकतीस वर्षं काढली. मी लेथवर टर्नर, तो स्टोअरमध्ये नटबोल्ट वाटायचा. आता दोघंही रिटायर. पण हा गडी सकाळी पळायला लागला आणि माझ्या घरात माझा भाव उतरला.

"चिमाजीभावोजींचं पोट बघा कसं सपाट झालंय," आमची कस्तुरा पोहे वाढताना म्हणाली. त्या दिवसापासून माझ्या पोह्यांतले शेंगदाणे कमी झाले, शपथेवर सांगतो.

त्यात डोंगर-शर्यतीची जाहिरात आली. भामचंद्र डोंगर चढायचा आणि पळत पायथ्याशी परत यायचं. साठीच्या पुढच्यांचा गट वेगळा. चिमाजीनं नाव दिलं, तासाभरात मीही दिलं. बक्षीस गेलं चुलीत. मला चिमाजीच्या एक पाऊल पुढं पोचायचं होतं, आणि ते कस्तुरानं बघायला हवं होतं.

आमची सून आम्रपाली असल्या शर्यती पळते. म्हणाली, "बाबा, तुम्हाला सरावाचा चार्ट करून देऊ?"

"पळायला काय शिकायचं? कुत्रं मागं लागलं की येतं आपोआप."

मग तिनं चार्ट चिमाजीला करून दिला. सून माझी, आणि चार्ट त्याच्या फ्रिजवर!

पाणी प्यायच्या निमित्तानं जाऊन मी तो चोरून वाचला. शेवटच्या आठवड्याच्या सातही चौकोनांत एकच शब्द होता: टेपर.

आता टर्नरला टेपर काय ते सांगायचं? लेथवर दांडा एकीकडं जाड आणि दुसरीकडं बारीक होत जातो, तो उतार म्हणजे टेपर. उतार म्हणजेच उलट्या बाजूनं चढ. सात दिवस नुसता चढ! एवढं गुपित सूनबाईनं त्या स्टोअरवाल्याला दिलं?

मी सात दिवस रोज तीनदा भामचंद्र चढलो. खोटं वाटेल, पण बुधवारपासून मला येताना बघून डोंगरच खाली बसायला लागला. शनिवारी माझी सावली म्हणाली, "राव, तुम्ही व्हा पुढं, मी जरा टेकते." चिमाजी मात्र आठवडाभर ओट्यावर शेंगा सोलत बसलेला. मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

रविवारी शर्यत. माथ्यापर्यंत मी चिमाजीच्या पाठीला चिकटून होतो. उतरताना, शेवटची कमान दिसायला लागली आणि माझ्या मांड्या जाम झाल्या. मी मटकन बसलो. गटात सगळ्यांत पुढं असलेला चिमाजी मागं वळून आला.

"काय झालं रे किसन?"

"टेपर जास्त झाला."

"जास्त? अरे, टेपर म्हणजे पळणं कमी करत न्यायचं, पायांना आराम द्यायचा. मलाही शब्द कळला नव्हता, मी सरळ आम्रपालीला विचारलं."

एकतीस वर्षांच्या टर्नरला टेपरचा अर्थ स्टोअरवाल्यानं सांगावा!

"टाक हात खांद्यावर," तो म्हणाला. नाही म्हणायला पाय शिल्लक नव्हते. आम्ही लंगडत निघालो, बाकीचे म्हातारे शेजारून पळत गेले. कमान चार पावलांवर आली. समोर कस्तुरा उभी. मी चिमाजीच्या खांद्याला रेटा दिला, छाती पुढं काढली आणि रेषेपलीकडं जाऊन पालथा पडलो.

निकाल लागला. मी अठरावा, चिमाजी एकोणिसावा.

"बघितलंस का?" मी पडल्या पडल्या ओरडलो.

"व्हय, बघितलं," कस्तुरा म्हणाली. "हातातला पयला नंबर सोडून भावोजींनी तुमाला आणलं."

आम्ही लंगडत येतानाचा फोटो आता गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर आहे. मधोमध चिमाजी, घामानं चकाकणारा, हसरा. त्याच्या काखेखाली एक कान दिसतो. तो मी.

कस्तुरानं फोटो मोठा करून, काच लावून आणला आणि खिळा ठोकायला मलाच बोलावलं. मी ठोकला. जरा सैलच ठोकला.