खिडकीतला हात

सुनेनं पडदा खसकन ओढून घेतला. तरी गाइडचा आवाज गल्लीतून वर येतच राहिला.

"आता सगळ्यांनी वर बघा! तिसरा मजला, हिरवी खिडकी. तिथले आजोबा पूर्वी पोस्टमन होते. दिवसभर बसून गल्ली बघतात. जुन्या वस्तीची हीच तर गंमत, इथं कुणालाच घाई नसते!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाई नसते म्हणे! बसून राहायची हौस आली होती का कुणाला?

सासरे जिना उतरताना कठडा निखळला आणि ते थेट खालच्या वळणावर जाऊन पडले. हाड जुळलं, पण आधाराशिवाय त्यांना जिना उतरवेना, आणि कठडा तुटला तो तुटलाच. घरमालकाकडे खेटे घालून तिच्या चपला झिजल्या, आणि तो आज करू, उद्या करू म्हणत टोलवत राहिला. मग जुनी वस्ती दाखवायच्या या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. पाहुणे यायला लागल्याबरोबर त्याच मालकानं दर्शनी भिंत पिवळीधमक रंगवली, दारात कुंड्या मांडल्या. आतला जिना पाहुण्यांना थोडाच दिसतो!

एकदा तिच्या नवऱ्यानं वडिलांना पाठीवर घेऊन उतरवायचं ठरवलं. एक मजला उतरेपर्यंतच दोघं कोलमडता कोलमडता वाचले. पुन्हा ते धाडस कुणी केलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचे जिने चढलेला माणूस स्वतःच्या घरात अडकून पडला होता.

तिला खरा राग सासऱ्यांचाच होता. रविवार उजाडला की गुळगुळीत दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खिडकीत बसून त्या लोकांना हात करायचे. खालचे लोक खूश. फोटो काय, हसणं काय!

"पडदा उघड," सासरे म्हणाले.

"नाही उघडायची. तुम्ही काय पिंजऱ्यातले पोपट आहात, त्यांनी यावं नि बघून जावं?"

"उघड म्हणतो ना."

"बाबा, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो? ते तुमचा तमाशा करतात आणि तुम्ही वर हौसेनं हात हलवता!"

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना खरंच काही कळेना.

"हात हलवतो? अगं, बोलावतोय त्यांना."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"चार धडधाकट माणसं वर आली, तर खुर्चीसकट खाली नेतील मला. हाकासुद्धा मारतो. पण आता आवाज पोचत नाही इथून."

इतके रविवार ती स्वयंपाकघरातून त्यांची पाठ तेवढी बघत आली होती. तिनं पडदा सारला आणि त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

सासऱ्यांनी हात बाहेर काढला. तळवा खाली, बोटं आत ओढलेली. या. या. वर या.

खालच्या सगळ्या घोळक्यानं हात हलवले. एका बाईनं तर उड्या मारल्या.

"बघा, किती प्रेमळ माणसं!" गाइड म्हणाला.

ती अनवाणीच जिना उतरली.

"अरे वा, आजोबांच्या सूनबाई!" गाइडनं तिला घोळक्यापुढे घेतलं. "ताई, या मंडळींना काहीतरी सांगा ना."

"ते तुम्हाला वर बोलावताहेत."

"हो का? पण आम्हाला पुढच्या चौकात जायचंय..."

"दर रविवारी बोलावताहेत. तुम्ही दर रविवारी टाटा करून जाता." तिचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. "त्यांना खाली यायचंय. जिन्याला कठडा नाही. खुर्ची उचलायला कोण कोण येतंय?"

हसणं थांबलं. काहीजण कुंड्यांकडे बघू लागले. मग एका दांडग्या माणसानं गळ्यातला कॅमेरा काढून बायकोच्या हातात दिला. त्याच्यामागून आणखी दोघं पुढे आले. आता गाइडला मागे राहणं शोभलं नसतं. तोच आधी दारात शिरला.

आत अंधार होता. दुसऱ्याच पायरीवर त्याचा हात सवयीनं बाजूला गेला आणि हवेत चाचपडत राहिला.

"भिंत धरून चढा," ती मागून म्हणाली.

वर खुर्ची दाराकडे सरकवल्याचा आवाज झाला.